प्रस्तावित जलाशय आणि पाण्याच्या गुणवत्तेची परवानगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीवर जलाशय होणार म्हटलं की चर्चा होते ती बुडणाऱ्या जमिनीची, खर्चाची आणि पाणी कोणाच्या वाट्याला जाणार याची. ते पाणी कसं असेल, हा प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येतो. तोवर महत्त्वाचे कागद तयार झालेले असतात. ज्यांच्या हातात तो कागदांचा गठ्ठा पहिल्यांदाच पडला आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं.

नदीचं पाणी आज चांगलं आहे. जलाशयात कोणी सांडपाणीही सोडणार नाही. मग ते बिघडेल कसं?

थांबल्यामुळे बिघडेल. वाहती नदी सतत ढवळली जाते, खडकांवर आपटते, हवेतला ऑक्सिजन घेत राहते. तेच पाणी चाळीस-पन्नास मीटर खोल साठलं की उन्हानं वरचा थर तापतो, हलका होतो आणि खालच्या गार, जड पाण्यावर तसाच पसरून राहतो. दोन्ही थर मिसळत नाहीत. तळाशी बुडालेली पानं, मुळं, माती कुजायला लागते, कुजताना ऑक्सिजन संपवते आणि वरून नवा ऑक्सिजन खाली पोचत नाही. उष्ण प्रदेशात हे आणखी लवकर होतं. पाणी जितकं कोमट, तितका तापमानातल्या एकेका अंशाच्या फरकानं घनतेतला फरक मोठा पडतो, त्यामुळे वरखाली दोन-तीन अंशांचा फरक असला तरी थर पक्के बसतात.

उन्हाळ्यात खोल जलाशयाच्या मधोमध होडी थांबवून मापकाची तार एकेक मीटर खाली सोडत गेलं की हे डोळ्यांना दिसतं. पहिले काही मीटर आकडा फारसा हलत नाही. मग दोन-तीन मीटरांतच तापमान घसरतं आणि ऑक्सिजनचा आकडा शून्याकडे जातो. त्याखालचा नमुना वर काढून बाटलीचं झाकण उघडलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. पाणी दिसायला मात्र नितळ असतं. ते पांढऱ्या बादलीत ओतून ठेवलं की हळूहळू तांबूस होत जातं, कारण त्यात विरघळलेलं लोह हवा लागल्यावर गंज होऊन बाहेर पडतं. ही बादली ज्यांना ज्यांना दाखवली, त्यांना पुढचं फार समजावून सांगावं लागलं नाही.

ऑक्सिजन संपला की तळाच्या गाळातून लोहाबरोबर मँगनीज आणि फॉस्फरसही सुटतो. फॉस्फरस वर आला की शेवाळ माजतं, ते मरून पुन्हा तळाशी जातं आणि चक्र सुरू राहतं.

म्हणून ही परवानगी आजच्या नदीच्या पाण्याबद्दल नसते. जे पाणी अजून अस्तित्वातच नाही, त्याच्याबद्दल ती असते. अहवाल वाचताना ही गोष्ट सतत डोक्यात ठेवली तर अर्धं काम सोपं होतं.

परवानगी कोण देतं?

देशागणिक व्यवस्था वेगळी आहे. तीन नमुने पाहिले तर साधारण कल्पना येते.

अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याचं कलम ४०१ महत्त्वाचं. धरणाला केंद्राचा परवाना लागत असेल, तर आधी त्या राज्यानं (किंवा अधिकार मिळालेल्या आदिवासी जमातीच्या शासनानं) ‘आमच्या पाण्याच्या मानकांना बाधा येणार नाही’ असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. राज्यानं नाकारलं की केंद्राला परवाना देता येत नाही. मात्र राज्याला निर्णय वाजवी मुदतीत, जास्तीत जास्त एका वर्षात घ्यावा लागतो, नाहीतर हक्क जातो. नदीपात्रात आणि पाणथळीत भराव टाकायचा तर कलम ४०४ खाली लष्कराच्या अभियंता दलाची परवानगी वेगळी.

युरोपीय संघात २००० सालचा पाणीविषयक आराखडा निर्देश लागू होतो. तिथला पाया असा की नदीची आजची अवस्था खालावता कामा नये. १ जुलै २०१५ रोजी तिथल्या न्यायालयानं वेझर नदीच्या खटल्यात हे अगदी कडक केलं. मासे, जलवनस्पती अशा ठरवून दिलेल्या घटकांपैकी एक जरी एका पायरीनं खाली येणार असेल, तर ते खालावणंच. मग प्रकल्प अडतो. अपवाद आहे, पण त्यासाठी मोठं सार्वजनिक हित आणि दुसरा चांगला पर्याय नसणं या गोष्टी सिद्ध कराव्या लागतात.

भारतात १९७४ च्या जल कायद्याखालची संमती आणि २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी असे दोन धागे आहेत. जलाशयाचा खरा विचार होतो तो दुसऱ्यात. आघात मूल्यांकन अहवाल, जनसुनावणी, तज्ज्ञ समितीची छाननी आणि शेवटी अटींसह मंजुरी, असा तो क्रम.

नावं वेगळी असली तरी गाभा एकच आहे. पाण्याचं मानक काय, जलाशयामुळे ते मोडेल का, आणि मोडू नये म्हणून कोणत्या अटी घालायच्या.

धरणातून सुटतं ते नदीचंच पाणी. त्याला परवानगी कशाला?

हा वाद न्यायालयात बराच गाजला आहे. अमेरिकेत १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या केंद्रीय अपील न्यायालयानं मानलं की धरणातून आलेल्या कमी ऑक्सिजनच्या किंवा गार पाण्यामुळे सहसा कारखान्याच्या सांडपाण्यासारखा परवाना लागत नाही, कारण धरण पाण्यात बाहेरून काही ‘मिसळत’ नाही. पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मेन राज्यातल्या प्रीझम्पस्कॉट नदीवरच्या धरणांबाबत सांगितलं की धरणातून पाणी सुटणं हा विसर्गच आहे आणि राज्याचं प्रमाणपत्र त्याला लागतं. माझ्या मते दुसरा निकाल नदीच्या वास्तवाच्या जास्त जवळ आहे. विषारी काही न मिसळताही पाण्यातला ऑक्सिजन काढून घेतला की मासा मरतोच.

किती पाणी सोडायचं हा वाटपाचा प्रश्न झाला. त्याचा गुणवत्तेशी काय संबंध?

थेट संबंध आहे. पात्रात पाणी उथळ झालं की ते लवकर तापतं, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. शिवाय खालच्या गावांचं सांडपाणी विरळ करायला पाणीच उरत नाही. १९९४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या डोसवॉलिप्स नदीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पाण्याचं प्रमाण आणि पाण्याची गुणवत्ता यांत केलेला भेद कृत्रिम आहे, आणि गुणवत्तेच्या प्रमाणपत्रात किमान प्रवाहाची अट घालायला राज्य मोकळं आहे. सुनावणीत ‘हा विषय इथला नाही’ असं ऐकावं लागलं तर हा मुद्दा कामी येतो.

खालून गार पाणी सुटलं तर बिघडतं काय? गार पाण्यात ऑक्सिजन जास्तच मावतो की.

मावतो, पण असेलच असं नाही. वर सांगितलेला तळाचा थर गारही असतो आणि ऑक्सिजनविनाही. तो हवा मिसळून सोडला तरी गारवा उरतो. नदीतले मासे अंडी कधी घालायची हे पाण्याच्या तापमानावरून ओळखतात. अमेरिकेतली कोलोरॅडो नदी १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणानं अडवली गेली. त्याआधी धरणाखालच्या ग्रँड कॅन्यनमध्ये उन्हाळ्यात पाणी २७-२८ अंशांपर्यंत तापायचं. पुढची कित्येक वर्षं ते धरणातून वर्षभर दहा अंशांच्या आसपास सुटत राहिलं. कोलोरॅडो पाइकमिनो हा मोठा मासा त्या पट्ट्यातून नाहीसा झाला आणि हंपबॅक चब हा दुसरा मासा जेमतेम तग धरून राहिला. थंडी हे त्यामागचं एकमेव कारण नाही, पण मोठं आहे. अलीकडे दुष्काळानं जलाशय खाली गेला, वरचं कोमट पाणी सुटू लागलं आणि २०२२ मध्ये धरणाखाली चबला खाणारा परका बास मासा वाढताना सापडला. म्हणजे तापमानाची अट भरलेल्या जलाशयासाठी लिहून भागत नाही, आटलेल्या जलाशयासाठीही लिहावी लागते.

यावर तोडगा आहे. वेगवेगळ्या उंचीवर दारं ठेवायची आणि हवा तो थर निवडून पाणी सोडायचं. कॅलिफोर्नियातल्या शास्ता धरणाला अशी रचना १९९७ मध्ये बसवली, तिथे उलट सॅमन माशासाठी गार पाणी हवं होतं म्हणून. धरण १९४५ चं. बावन्न वर्षांनी बाहेरून पोलादी सांगाडा जोडायला सुमारे ८ कोटी डॉलर लागले. तरीही २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात गार पाण्याचा साठाच संपला आणि हिवाळी सॅमनची सुमारे ९५ टक्के अंडी-पिल्लं त्या दोन हंगामांत मेली. दारं असणं आणि त्या दारांमागे हवं तसं पाणी शिल्लक असणं या दोन वेगळ्या अटी आहेत. परवानगीत दोन्ही लिहून घ्याव्यात.

बुडीत क्षेत्रातली झाडं तोडूनच पाणी भरायला हवं का?

शक्य तितकी, हो. सुरिनाममध्ये १९६४ साली सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जंगल न तोडता ब्रोकोपोंडोच्या जलाशयात बुडवलं. कुजणाऱ्या जंगलातून इतका हायड्रोजन सल्फाइड निघाला की धरणावरच्या कामगारांना सुमारे दोन वर्षं मुखवटे लावून काम करावं लागलं. ब्राझीलच्या बाल्बिनामध्ये १९८७ मध्ये सुमारे २,३६० चौरस किलोमीटर क्षेत्र पाण्याखाली गेलं, तेही बहुतेक जंगलासकट आणि अवघ्या २५० मेगावॉट विजेसाठी. फ्रेंच गयानाच्या पेती-सोमध्ये १९९४ ला जलाशय भरू लागला तेव्हा सिनामारी नदीत ऑक्सिजन इतका कमी पडला की धरणाखाली मुद्दाम धबधब्यासारखा बंधारा बांधून पाण्यात हवा मिसळावी लागली. तिथे मिथेनही त्याच बंधाऱ्यावर बाहेर पडतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लाकडाचं खोड पाण्याखाली अनेक वर्षं टिकतं. लगेच कुजतात ती पानं, गवत, पाचोळा आणि मातीचा वरचा थर. ‘झाडं तोडली’ असं लिहून फांद्या-पाला तिथेच टाकला असेल तर फारसं काही साधलेलं नसतं. तोडलेलं बाहेर नेणार का, हे विचारा.

पाऱ्याचा प्रश्न कुठून आला? वर खाण नाही, कारखाना नाही.

लोकांना सगळ्यात अनपेक्षित वाटणारा मुद्दा हाच, आणि म्हणून इथे थोडं जास्त लिहितो. मातीत थोडा पारा असतोच, हवेतूनही येऊन बसतो. तो तिथे बहुतांशी निरुपद्रवी पडून राहतो. जमीन पाण्याखाली गेली की ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप सजीवांच्या अंगात साठतं. शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, तिथून मोठ्या माशात, प्रत्येक पायरीला पटींनी वाढत. पाण्यात ते इतकं कमी असतं की पाणी प्यायला चालतं, आणि त्याच पाण्यातला मोठा मासा गरोदर बाईनं खाऊ नये अशी वेळ येते.

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात ला ग्रांद नदीवरचे जलाशय १९७८ पासून भरले. काही वर्षांत पाइकसारख्या शिकारी माशांतला पारा विक्रीसाठीच्या ०.५ मिलिग्रॅम प्रति किलो या मर्यादेच्या कितीतरी वर गेला. ज्या क्री आदिवासी लोकांचं जेवण त्याच माशांवर चालायचं, त्यांच्याबरोबर १९८६ मध्ये सरकार आणि वीज कंपनी यांना पाऱ्याबद्दल खास करार करावा लागला. तिथल्या दीर्घ नोंदी सांगतात की न शिकार करणाऱ्या माशांत पारा मूळ पातळीला यायला साधारण १० ते २० वर्षं लागतात, शिकारी माशांत २० ते ३०. म्हणजे एक अख्खी पिढी.

पुढे कॅनडातल्याच लॅब्राडोरमध्ये मस्क्रॅट फॉल्स धरणाच्या वेळी हे सगळं आधीच माहीत होतं. खालच्या बाजूला मेलव्हिल सरोवरावर राहणाऱ्या इन्युइट लोकांनी भरण्याआधी माती खरवडून काढायची मागणी केली, २०१६ मध्ये उपोषणं झाली. जलाशय २०१९ मध्ये ती माती न काढताच पूर्ण भरला. माहिती वेळेवर असूनही ती अटीत उतरली नाही की काय होतं, ते इथे दिसतं. पाऱ्याचा परिणाम धरणाच्या खालीही जातो, हेही.

अहवालात आधी काय पाहावं?

पायाभूत नोंदी. नमुने कोणत्या महिन्यांत घेतले ते पाहा. फक्त कोरड्या हंगामातले असतील तर पुराच्या पाण्याबरोबर येणारा गाळ, खतांचा अंश आणि वरच्या गावांची घाण त्यात आलेलीच नाही. वेळ पाहा. शेवाळ असलेल्या नदीत ऑक्सिजन दुपारी भरपूर असतो आणि पहाटे तळाला जातो, त्यामुळे दुपारी बारा वाजताचा एकच आकडा नदीचं चांगलं तेवढं दाखवतो.

मग ‘आढळला नाही’ हे शब्द शोधा. त्याच्या शेजारी प्रयोगशाळेची मोजण्याची किमान मर्यादा लिहिलेली असायला हवी. पाऱ्याच्या बाबतीत चिंतेची पातळी पाण्यात नॅनोग्रॅममध्ये असते. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपर्यंतच मोजू शकणाऱ्या यंत्रानं ‘आढळला नाही’ म्हटलं, तर त्याचा अर्थ लिटरमागे हजार नॅनोग्रॅमपेक्षा कमी, एवढाच. अशा ओळींवर सही झालेले अहवाल वाचून अस्वस्थ व्हायला होतं, कारण त्यात कोणी खोटं बोललेलं नसतं आणि वाचणाऱ्याला मात्र पारा नाहीच असं वाटतं.

त्यानंतर प्रतिमान. सीई-क्वाल-डब्ल्यू२ सारखी संगणकीय प्रतिमानं जलाशयाची लांबी आणि खोली धरून तापमान, ऑक्सिजन, पोषकद्रव्यं यांचा अंदाज देतात. ती चांगली आहेत. अडचण अशी की न बांधलेल्या जलाशयाची मोजमापं नसतात, त्यामुळे प्रतिमान ताडून पाहता येत नाही. म्हणून दोन गोष्टी मागाव्यात: तशाच हवामानातल्या, तशाच खोलीच्या जुन्या जलाशयावर ते चालवून दाखवणं, आणि सरासरी वर्षाऐवजी सलग दोन-तीन कोरड्या वर्षांचा निकाल. सरासरी वर्षात सगळेच जलाशय शहाण्यासारखे वागतात.

बांधकामाच्या काळात वेगळी काळजी लागते का?

लागते, आणि ती मोजायला सोपी असते. माती-दगड उकरल्यानं गढूळपणा वाढतो. त्याहून धोक्याचं म्हणजे ओल्या सिमेंटचं पाणी. त्याचा सामू बाराच्या आसपास जातो आणि छोट्या ओढ्यात ते थेट गेलं तर मासे जागीच मरतात. काँक्रीटच्या गाड्या धुण्याची जागा पात्रापासून लांब आणि बंदिस्त असावी, एवढी साधी अटही पुष्कळ वाचवते.

सांडव्यावरून पाणी उसळून पडतं, ऑक्सिजन मिसळतो. ते तर चांगलंच ना?

प्रमाणात असेल तर. उंचावरून खोल डोहात पडणारं पाणी हवेचे बुडबुडे तळापर्यंत ओढून नेतं आणि तिथल्या दाबाखाली गरजेपेक्षा जास्त वायू विरघळतो, नायट्रोजनसकट. मग माशांच्या रक्तात, कल्ल्यांत बुडबुडे धरतात. कोलंबिया नदीवर हे मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे विरघळलेल्या एकूण वायूसाठी सर्वसाधारणपणे ११० टक्क्यांची मर्यादा आहे आणि पाणी खोल न जाता वरच्यावर पसरावं म्हणून सांडव्यांच्या तोंडाशी ओठासारखे कठडे बसवले आहेत.

जलाशय पिण्याच्या पाण्यासाठीच आहे. शुद्धीकरण होणारच आहे ना?

होईल, पण शुद्धीकरण केंद्र हे जलाशयाच्या चुका पुसणारं फडकं नव्हे. कुजलेल्या वनस्पतींतले सेंद्रिय पदार्थ क्लोरीनशी संयोग पावून ट्रायहॅलोमिथेन ही घातक संयुगं तयार करतात, आणि त्यांवर मर्यादा असल्यानं केंद्राचा खर्च वाढतो. मँगनीज नळाला काळे डाग आणतं. निळं-हिरवं शेवाळ माजलं तर मायक्रोसिस्टिनसारखं विष तयार होऊ शकतं, आणि ते घरी पाणी उकळून जात नाही. पाणी उचलण्याची तोंडं एकाहून जास्त पातळ्यांवर असली तर निदान वाईट थर टाळता येतो.

नदीच्या बाहेर, बाजूच्या दरीत जलाशय केला तर?

नदीचा प्रवाह अडत नाही, हा मोठा फायदा. थर, शेवाळ, पारा हे प्रश्न मात्र तिथेही तसेच. शिवाय नदीतून पाणी कधी उचलणार हे पाहावं लागतं. पहिल्या पुराचं घाण पाणी उचललं तर तेच वर्षभर साठून राहतं.

जनसुनावणीत बोललेल्याचा खरंच उपयोग होतो का?

नोंदवलं गेलं तर होतो. भारतात सुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो आणि कामकाजाचं चित्रीकरण होतं. नुसता ‘आमचा विरोध आहे’ हे वाक्य इतिवृत्तात एका ओळीत संपतं. ‘पान अमुकवर ऑक्सिजनची एकच दुपारची नोंद आहे, पहाटेची कुठे आहे?’ या प्रश्नाला प्रकल्पवाल्यांना उत्तर लिहावंच लागतं. लेखी द्या, पोच घ्या. तुमच्या नदीवर मासे कोणत्या महिन्यात चढतात, कोणता डोह उन्हाळ्यातही आटत नाही, हे मासेमारी करणाऱ्यांना अहवाल लिहिणाऱ्यांपेक्षा नेमकं ठाऊक असतं. ते त्यांच्याच शब्दांत नोंदवा.

परवानगी नाकारली गेल्याचं उदाहरण आहे का?

आहे. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या पाण्यासाठी साउथ प्लॅट नदीवर टू फोर्क्स हे मोठं धरण ठरलं होतं. कागद बरेच पुढे गेले होते. नोव्हेंबर १९९० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख विल्यम रायली यांनी नकाराधिकार वापरून ते थांबवलं. नदीचं आणि माशांचं नुकसान न भरून येणारं आहे आणि कमी नुकसानीचे पर्याय उपलब्ध आहेत, हा त्यामागचा आधार. पर्यायांचा भाग तेव्हा निर्णायक ठरला. म्हणून अहवालातलं ‘पर्यायांचा विचार’ हे प्रकरण दोन पानांत उरकलेलं दिसलं, तर तिथेच थांबून प्रश्न विचारा.

मंजुरी मिळाली, धरण झालं. अटी पाळल्या जातात की नाही हे कसं कळणार?

अट मोजता येण्यासारखी असेल तरच कळेल. ‘पाण्याची गुणवत्ता योग्य राखावी’ ही अट मोडता येत नाही, कारण तिच्यात मोडण्यासारखं काहीच नाही. ‘धरणाखाली विरघळलेला ऑक्सिजन कोणत्याही तासाला लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये, नोंद दर तासाला व्हावी, आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत, खाली गेल्यास अमुक दार उघडावं’ असं लिहिलं असेल तर कोणालाही तपासता येतं. माशांतल्या पाऱ्याची तपासणी निदान वीस-तीस वर्षं चालावी, आणि अंदाज चुकला तर अटी पुन्हा उघडता याव्यात, हेही मंजुरीतच हवं.

आणि मापक कुठे बसवणार, ते नकाशावर खूण करून मागा. ते धरणाच्या पायथ्याशी, विद्युतगृहातून पाणी बाहेर पडतं तिथे हवं. बऱ्याचदा ते सोयीच्या पुलाजवळ, दहा-बारा किलोमीटर खाली बसवायचं ठरतं. तिथे पोचेपर्यंत पाणी उन्हानं तापलेलं असतं, खडकांवरून उसळून त्यानं हवा घेतलेली असते, आणि मधल्या दहा किलोमीटरांतल्या माशांचं काय झालं ते कोणत्याच नोंदीत येत नाही.